स्वतःच्या पायावर उभी असूनही ‘कुणीतरी येऊन सांभाळावं’ असं का वाटतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ३४ वर्षांच्या आहात, पुण्यात आयटीमध्ये काम करता. वाकडला तुमच्या एकटीच्या नावावर फ्लॅट आहे, हप्ते तुम्हीच भरता. आई-वडील तुमच्याजवळ राहतात, भाऊ अमेरिकेत आहे. डेटिंग ॲपवर भेटलेल्या प्रत्येकाला तुम्ही पहिल्याच भेटीत सांगून टाकता की मला कुणाची गरज नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनात येतं की कुणीतरी यावं आणि म्हणावं, ‘तू बस, मी बघतो.’ गेले काही आठवडे ज्याला भेटता आहात तो नेमकं हेच म्हणतो. तुम्हाला बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचीच भीतीही वाटते. पुढच्या महिन्यात तुमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यावर तो म्हणाला की सगळं माझ्यावर सोड. तुम्ही विचारता, ‘मी स्वतंत्र असण्याचं सोंग घेतेय का?’

सोंग अजिबात नाही. तुमचा फ्लॅट खरा आहे, हप्ते खरे आहेत आणि दमणूकही खरी आहे. पण या माणसाबद्दल तुम्हाला जी भीती वाटते, तिच्याकडेही दुर्लक्ष करू नका.

मी समुपदेशक आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत एकट्या राहणाऱ्या, कमावत्या स्त्रिया बऱ्याच असतात. डॉक्टर, सीए, बँक मॅनेजर, स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या. सुटकेचं हे स्वप्न त्यांच्यापैकी कितीतरी जणी सांगतात, आणि सांगताना आवाज खाली जातो. अशा वेळी मी एकच विचारते: तो आला, बरं, मग पुढे काय होतं? अगदी बारीकसारीक सांगा. तेव्हा जे ऐकायला मिळतं त्यात महाल नसतो, परदेशातली सहल नसते. तो बँकेचा फोन घेतो. तो प्लंबरशी बोलतो. सोसायटीच्या मीटिंगला तो जाऊन बसतो. ‘लग्नाचं काय ठरलं?’ म्हणणाऱ्या मावशीला तो उत्तर देतो. आणि ती झोपते. बहुतेकींच्या स्वप्नातल्या त्या माणसाला चेहरा नसतो, कामं मात्र अगदी नेमकी असतात. त्यावरून मी समजते की ही बहुतांशी विश्रांतीची इच्छा आहे आणि तिला पुरुषाचं रूप मिळालं आहे, कारण लहानपणापासून विश्रांतीचं दुसरं रूप आपल्याला कुणी दाखवलंच नाही.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका बाईंच्या वडिलांची अचानक अँजिओप्लास्टी करावी लागली. रात्रीची वेळ. खाली काउंटरवर डिपॉझिट भरायचं, विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या खिडकीवर कॅशलेसचे कागद द्यायचे, वर संमतीपत्रावर सही करायची, मध्ये आईला घरी फोन करून ‘काही विशेष नाही’ म्हणायचं. परदेशातला भाऊ व्हिडिओ कॉलवर होता आणि स्टेंट कुठल्या कंपनीचा आहे ते विचार म्हणून सांगत होता. ती तीन मजले वरखाली करत होती. शेवटी तिथल्या वॉर्डबॉयने खुर्ची सरकवली आणि म्हणाला, ‘ताई, बसा जरा दोन मिनिटं.’ तेवढ्यावर ती रडायला लागली आणि बराच वेळ थांबेना. मला हे सांगताना ती म्हणाली की त्या क्षणी तो मुलगा मला जगातला सगळ्यात चांगला माणूस वाटला. मी या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा वळते, कारण त्या मुलाने तिचं एकही काम केलं नव्हतं. ती दमली आहे एवढंच त्याने पाहिलं होतं. तुमच्या ‘तू बस’मध्येही ते पाहिलं जाणंच आहे.

हा भार काही मनाचा खेळ नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. म्हणजे घरकाम करणाऱ्या पुरुषांशीच तुलना केली तरी तिपटीहून जास्त. शिवाय यात मोजताच येत नाही असं बरंच असतं: बाबांच्या गोळ्या कधी संपतात, मेडिक्लेमचं नूतनीकरण कोणत्या तारखेला, गॅस कधी लावला, आईला कोणाचं बोलणं लागलं. लग्न झालेल्या बाईचा हा भार निदान लोकांना दिसतो. एकटी राहणारी, चांगलं कमावणारी मुलगी म्हटली की ‘हिला काय, हिचं मस्त चाललंय’ म्हणून सगळे मोकळे होतात. भावाला तर ते फारच सोयीचं असतं.

त्यात आपल्या पिढीतल्या मुलींच्या कानावर एकाच घरात दोन गोष्टी पडत आल्या. आई सांगायची, शीक, कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ देऊ नकोस. तीच आई संध्याकाळी मामांना फोन करून विचारायची की एखादं चांगलं स्थळ आहे का, एकदा हिचं झालं की आम्ही सुटलो. दोन्ही माया खऱ्याच. पण त्यातून मुलीने काय शिकावं? सगळं एकटीने उचल, आणि एक दिवस सगळं एकदम उतरव. अधलंमधलं काही नाही. थोडं उचलायचं, थोडं वाटून द्यायचं, मागायचं, नाकारायचं, पुन्हा मागायचं, हे कुणी शिकवलंच नाही. म्हणून ‘मला कुणाची गरज नाही’ आणि ‘कुणीतरी सगळं बघावं’ ही दोन वाक्यं एकाच बाईच्या तोंडी असतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. एकाच शिकवणीची ती दोन टोकं आहेत.

खऱ्या स्वतंत्र बाईला आधार लागत नाही ही समजूत मुळातच खोटी आहे. रखमाबाईंचं उदाहरण घ्या. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुंबईच्या मुलीने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. तिने कळवलं की कैद चालेल. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात यापेक्षा ताठ कणा शोधून सापडायचा नाही. पण तिच्याभोवती कोण होतं तेही पाहा. शिकायला उत्तेजन देणारे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, खटल्यासाठी उभी राहिलेली समिती, पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला जायला पाठबळ देणाऱ्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. १८८८ मध्ये प्रकरण पैसे देऊन मिटलं, आणि १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि मग परतल्या. मदत बऱ्याच जणांनी केली. ‘जाणार नाही’ हे मात्र त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. मी कोणत्याही नात्यात हीच खूण शोधते: मदत झाल्यावर निर्णय कुणाकडे राहिला?

आता तुमच्या त्या माणसाकडे येऊ. मी त्याला ओळखत नाही, त्यामुळे तो चांगला की वाईट हे सांगणार नाही. पण ‘मी बघतो’ म्हणणारी माणसं दोन प्रकारची असतात आणि सुरुवातीचे काही आठवडे दोघं अगदी सारखीच दिसतात. घरात नळ गळतोय असं समजा. एक जण तुम्हाला न विचारता प्लंबर घेऊन येतो, नळ बदलतो, पैसे देऊन मोकळा होतो, जाताना वॉचमनलाही दोन शब्द सुनावतो. तुम्ही भारावून जाता. दुसरा विचारतो, ‘माझ्या ओळखीचा प्लंबर आहे, पाठवू का? की तुझा ठरलेला आहे?’ पहिल्याच्या मानाने हे फिकं वाटतं, नाही का? त्यात झोकून देणं नाही, नाट्य नाही. पण दुसऱ्याने तुमचं घर तुमचंच ठेवलं. पहिल्याच्या बाबतीत सहा महिन्यांनी सोफा कुठे ठेवायचा, आई-वडिलांनी कोणत्या खोलीत राहायचं आणि तुम्ही कुणाशी बोलायचं इथपर्यंत गोष्ट गेलेली मी पाहिली आहे. दर वेळी जाते असं नाही. काही माणसं नुसती उत्साही असतात, एकदा सांगितलं की सुधारतात. फरक कळायला त्यांना एक छोटासा नकार द्यावा लागतो.

हा नकार मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला द्यायला लावते. ‘आज नको सोडायला येऊस, मी माझी जाईन.’ ‘हे बिल मी देते.’ ‘या शनिवारी मैत्रिणीकडे आहे.’ आवाज न चढवता, कारणं न देता. मग पुढचे दोन-तीन दिवस बघायचं. ‘बरं, पोचलीस की कळव’ म्हणून विषय संपला, तर छान. अबोला, टोमणा, ‘मी तुझ्यासाठी एवढं करतो आणि तू...’ असं आलं, तर ती मदत उधारीची होती आणि वसुली सुरू झाली आहे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी १९६८ मध्ये याचं एक त्रिकोणी चित्र मांडलं होतं, आणि परीकथांची उदाहरणं घेऊनच मांडलं होतं. एका कोपऱ्यात पीडित, दुसऱ्यात छळणारा, तिसऱ्यात तारणहार. त्यांचं खरं म्हणणं असं की माणसं एका कोपऱ्यात स्थिर राहत नाहीत. आज तारणारा उद्या छळणारा होतो, कारण त्याला ऋणाची जाणीव हवी असते. आज तारली गेलेली उद्या चिडून उठते, कारण तिला गुदमरायला होतं. मग तो स्वतःला पीडित समजायला लागतो. माझ्यासमोर बसलेल्या किती जोडप्यांमध्ये हे फिरणं दिसतं!

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी ऐकायला जरा कठीण जाते. सुटकेची स्वप्नं पाहणाऱ्या कर्तबगार स्त्रिया प्रत्यक्षात बहुतेक वेळा स्वतःच तारणहार झालेल्या असतात. घरी तर असतातच, नात्यांतही असतात. नोकरी सुटलेला, व्यसनातून बाहेर येऊ पाहणारा, घटस्फोटाने कोलमडलेला, ‘तुझ्यासारखं मला कुणी समजून घेतलं नाही’ म्हणणारा माणूस त्यांना बरोबर सापडतो. त्याचा बायोडाटा ही दुरुस्त करते, त्याच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी ही भरते, रात्री दोन वाजता त्याचा फोन ही घेते. त्यात तिला आपला उपयोग जाणवतो आणि ताबाही आपल्या हातात राहतो. मग तो सावरतो आणि निघून जातो, किंवा कधीच सावरत नाही. दोन्ही वेळा ही रिकामी होते, आणि मग ‘आता माझ्यासाठी कुणीतरी यावं’ ही ओढ दुप्पट जोराने येते. तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही. पण मागची दोन-तीन नाती आठवून पाहा, कोण कुणाला उचलत होतं? उत्तर ‘मीच’ असं आलं, तर आत्ताच्या माणसाची भुरळ एवढी का पडली तेही समजेल. फार दिवसांचा उपाशी माणूस समोरच्या ताटाची चव पारखत बसत नाही.

पैशांबद्दल कडकपणे सांगते, कारण इथे मऊ बोलून नुकसान होतं. फ्लॅटच्या कागदांत त्याचं नाव घालू नका. त्याच्या कर्जाला जामीन राहू नका, सहकर्जदार होऊ नका. ‘तुझी गुंतवणूक मी बघतो’ म्हणून नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा माणूस कितीही गोड असला तरी द्यायचा नाही. ॲपवरचा किंवा लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावरचा परदेशस्थ वर, त्याने पाठवलेलं महागडं पार्सल विमानतळावर कस्टम्समध्ये अडकणं, सोडवायला तुम्ही पैसे भरणं, हा तर ठरलेला सापळा आहे, आणि त्यात शिकल्यासवरलेल्या बायकाही अडकतात. असं काही घडलं तर लाजून बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच फोन करा, जितकं लवकर कळवाल तितकी पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. आणि पुढे एकत्र राहायचं ठरवलंत तर एवढं माहीत असू द्या की २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त लग्न झालेल्यांसाठी नाही, लग्नासारख्या नात्यात एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचं संरक्षण मिळतं. पैशांची अडवणूक हाही त्या कायद्यात हिंसाचाराचाच प्रकार आहे.

मग विश्रांतीच्या त्या इच्छेचं काय करायचं? ती दाबू नका. तिचे तुकडे करा. कागद घ्या आणि ‘तू बस, मी बघतो’ हे वाक्य तुम्हाला कोणकोणत्या कामांच्या वेळी ऐकावंसं वाटतं ते लिहा. यादी झाली की प्रत्येकापुढे लिहा की हे खरं कुणाचं काम आहे. मी पैजेवर सांगते, त्यातली बरीच कामं कुठल्याही प्रियकराची नाहीत. काही भावाची आहेत. आई-वडिलांच्या देखभालीचा २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही जबाबदार धरतो. कायदा दाखवून भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. पण ‘तो लांब आहे’ हे कारण तुम्ही स्वतःच त्याला देऊन ठेवलं आहे का, ते तपासा. मेडिक्लेमचा पाठपुरावा, औषधांची ऑनलाइन मागणी, डॉक्टरांचे रिपोर्ट नीट लावून ठेवणं, रोज संध्याकाळी वडिलांशी अर्धा तास बोलणं, हे सगळं न्यू जर्सीतूनही होतं. काही कामं पैसे देऊन करून घेता येतात आणि त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. काही मैत्रिणी करतील, जर तुम्ही त्यांना तसं सांगितलंत तर. माझ्याकडे येणाऱ्या एकीला सोसायटीतल्या दोन बायकांना ‘माझ्या घराची एक किल्ली तुमच्याकडे ठेवाल का?’ एवढं विचारायला कितीतरी आठवडे लागले. विचारल्यावर त्यातली एक म्हणाली, ‘अगं, मीच तुला विचारणार होते.’

एवढं सगळं वाटून झाल्यावर जे उरतं ते प्रियकराकडून, जोडीदाराकडून मागायचं. दिवस संपल्यावर कुणाच्यातरी खांद्यावर डोकं ठेवणं. ‘आज काय झालं?’ असं कुणीतरी मनापासून विचारणं. कठीण निर्णय घेताना शेजारी बसलेलं कुणीतरी. ही गरज मोठी आहे, रास्त आहे आणि ती असण्यात कमीपणा नाही. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांचा अभ्यास करून दाखवलं की ज्या मुलाला आई मागे आहे याची खात्री असते, ते तिला सोडून खेळायला जास्त मोकळेपणाने जातं. मोठ्यांच्या नात्यांवर पुढे जे संशोधन झालं त्यातही हेच दिसत आलं आहे. आधाराची खात्री असली की माणूस जास्त धीट होतो.

त्यासाठी पहिल्या भेटीतलं तुमचं ते वाक्य मात्र सोडून द्या. ‘मला कुणाची गरज नाही’ हे ऐकून भला माणूस बिचकतो. माझ्याकडे पुरुषही येतात, आणि ते सांगतात की तिने हे म्हटल्यावर मी खरंच मानलं, मग मी कशाला थांबू? ज्याला हे वाक्य आव्हान वाटतं तो मात्र थांबतो, आणि तुम्हाला जिंकायला तारणहार होऊन येतो. म्हणजे या वाक्यानेच चाळणी उलटी लागते. त्याऐवजी जे खरं आहे तेच म्हणा: ‘माझं घर, माझे पैसे, माझे आई-वडील मी सांभाळते आणि मला त्याचा अभिमान आहे. पण कधी कधी फार दमते, तेव्हा सोबत आवडते.’ यावर समोरचा काय म्हणतो, त्यावरून त्याच्याबद्दल पुष्कळ कळेल.

ही ओढ दमणुकीच्या पलीकडे गेली असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, सगळं संपवावं असे विचार येत असतील, तर जोडीदाराच्या शोधाआधी उपचार. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहता राहिलं आईचं ऑपरेशन. ‘सगळं माझ्यावर सोड’ याला हो म्हणू नका आणि ‘नको, मी करते’ असंही म्हणू नका. त्याला एकच काम द्या, नेमकं आणि पुरं करता येईल असं. उदाहरणार्थ: ‘त्या दिवशी सकाळी आईला आणि मला तुझ्या गाडीतून सोडशील? डॉक्टरांशी मी बोलेन, कोणती लेन्स घ्यायची ते आईचं आणि माझं ठरलंय.’ विम्याची पूर्वमंजुरी आणि बिलाचा अर्धा वाटा भावाकडे द्या, आजच फोन करून. ऑपरेशन स्वतः थोड्या वेळात होतं, खरं काम नंतरचं असतं. कित्येक आठवडे दिवसातून अनेकदा थेंब, दोन बाटल्यांमध्ये काही मिनिटांचं अंतर, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, पुन्हा तपासणीला न्यायचं. त्यातल्या दुपारच्या वेळा वडिलांना शिकवा, ते करू शकतात. त्या माणसाने गाडीचं काम वेळेवर केलं आणि लेन्सच्या गोष्टीत तोंड घातलं नाही, तर पुढच्या तपासणीला त्यालाच विचारा. त्याने परस्पर हॉस्पिटल बदलायचं ठरवलं किंवा ‘मी सांगितलेलं ऐकायचं नसेल तर मला कशाला बोलावतेस’ म्हणाला, तर रिक्षा करून जा आणि त्याला नंतर भेटायचं की नाही हे आईचा डोळा बरा झाल्यावर ठरवा.